हिरड्याचा इसार

महाळुंगे पडवळ
१८ नोव्हेंबर २०२४

गेणू,

तू पाठवलेला तांदूळ पोचला. उज्ज्वलाने त्याच दिवशी भात टाकला आणि शेजारची दोन घरं वासावर येऊन गेली. पण तांदळात चिठ्ठी खुपसायची तुझी खोड काही जात नाही. जुन्नरच्या बोर्डिंगात माझ्या पेटीत चिठ्ठ्या टाकायचास ते ठीक होतं, आता साठी उलटली. सरळ सांगावं माणसानं. "आदेश झाडं विकायची म्हणतो, मी गेलो की दुसऱ्या दिवशी करवत लागेल." एवढंच लिहून मोकळा झालास आणि मी चार दिवस तेच डोक्यात घेऊन फिरतोय.

फोन करणार होतो. पण रेंजसाठी तुला टेकाडावर चढावं लागतं, आणि चढलास की माझं बोलणं अर्ध्यात तुटतं. त्यापेक्षा पत्र बरं.

तर ऐक. आमची श्रेया जूनपासून पुण्यातल्या एका कंपनीत लागली आहे. कंपनीचं काम ऐकून हसशील. झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात, त्याचं माप काढायचं आणि परदेशातल्या धूर सोडणाऱ्या कारखान्यांना ते माप विकायचं. झाड जागेवरच राहतं. त्यातला वाटा शेतकऱ्याला मिळतो. मी बांधावर बांबू आणि महोगनीची दोनशे रोपं लावून नाव नोंदवलं. गावाने मला वेड्यात काढलं, पण पहिला हप्ता आल्यावर तेच लोक श्रेयाचा नंबर मागत आले.

तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. करार झाला की तीस वर्षं त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. सातबाऱ्यावर नाव बदललं तरी करार जमिनीबरोबर राहतो. बाप गेला, पोरगा आला, तरी झाड उभं. श्रेयाला तुझ्याकडे पाठवू का?

तुझा,
रामनाथ


वाडी, मढच्या वर
२ डिसेंबर २०२४

मास्तर,

पैशाचं लिहिलंस ते मी एकदाच वाचलं. तीस वर्षांचं चारदा वाचलं. सोनीलाही वाचून दाखवलं.

तुला माझा उतार माहीत आहे. त्यावर त्रेसष्ट हिरडे आहेत. माझ्या बापानं, भागूनं, गवत कापताना जिथं रोप दिसेल तिथं भोवती दगडं रचून ते गुरांपासून राखलं. एकही झाड त्यानं लावलेलं नाही, सगळी नुसती राखलेली आहेत. दरवर्षी शिमग्याच्या आगेमागे आम्ही बाळहिरडा काढतो, वाळवतो, जुन्नरला घालतो. त्यावर आमचं मीठ-मिरची, कपडालत्ता निघतो. पण ते जाऊ दे. मला ती झाडं माझ्या मागं उभी पाहिजेत, एवढंच आहे. दुसरं काही मागायचं माझ्याजवळ उरलं नाही.

आदेश वाईट नाही. चाकणला मशीनवर उभा राहून त्याचे पाय सुजतात. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "आबा, तुमच्या मागं मला कुटं येनं व्हतंय हितं? घाटाकडचे रिसॉर्टवाले उतार मागत्यात. झाडं आदी काढू, मंग जागा देऊ." मी जेवणावरून उठलो. तो दुसऱ्या दिवशी न बोलता गाडीत बसला. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

पोरीला पाठव. सोनी नाचणीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करणार आहे, तिला चालते ना विचार.

गेणू


महाळुंगे पडवळ
२७ डिसेंबर २०२४

गेणू,

श्रेया तुझ्याकडून आली ती तुमच्या वाडीवरच राहायला जाते की काय असं बोलत होती. सोनीवहिनींनी दिलेली चटणी मला बोटभरसुद्धा मिळाली नाही. त्रेसष्ट झाडांना छातीच्या उंचीवर टेप लावून मापं घेतली, प्रत्येकाचा फोटो काढला, आणि तू प्रत्येक झाडाची चाल सांगत होतास म्हणे, कुठलं लवकर धरतं आणि कुठलं उशिरा. अशी झाडं साऱ्या प्रकल्पात नाहीत असं तिचं म्हणणं.

पण एक अडचण आहे, आणि ती तिने तुझ्यासमोर बोलायचं टाळलं. मलाच लिहायला लावलं.

कंपनी झाडाचे पैसे देत नाही, झाड वाचवल्याचे देते. जे झाड कुणी तोडणारच नव्हतं ते वाचवलं असं म्हणायचं कसं? पैसे देणारा गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारतो. तू चाळीस वर्षं राखलीस, म्हणजे पुढेही राखशील, मग करार कशाला हवा? मी म्हटलं, आदेशचं लिहा. ती म्हणाली, जमीन ज्याच्या नावावर त्याचाच इरादा लागतो.

म्हणून फॉर्मात एक ओळ आहे: "ही योजना नसती तर मी सदर झाडे विकून तोडणार होतो." त्याखाली तुझी सही, आणि जोडीला एखादा पुरावा असला तर उत्तम. कोरा फॉर्म सोबत पाठवतो आहे. सही कर आणि मोकळा हो, त्या ओळीत फार शिरू नकोस.

रामनाथ


वाडी
६ जानेवारी २०२५

मास्तर,

फॉर्म आला. मी त्या ओळीत शिरलो.

मला झाडं राखायची आहेत. त्यासाठी मी असं लिहून द्यायचं की मी ती तोडणार होतो. हे मी सोनीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना खरं सांगितलं तर चालत न्हाई का?" मी म्हटलं, खरं सांगितलं म्हणूनच चालत नाही.

एक विचारतो, रागावू नकोस. तुझ्या विहिरीवर आंब्याची आठ झाडं होती. द्राक्षबागेसाठी तू ती पाडलीस तेव्हा मी तिथंच होतो, फांद्या ओढायला हात लावला होता. त्या जागेच्या बांधावर आता तुझी रोपं आहेत आणि त्यांना हप्ता येतो. मी एकही पाडलं नाही म्हणून माझं धरत नाहीत. हा हिशेब कुणी बसवला ते मला कळेना. तुझ्यावर माझा काही रोख नाही, नुसतं कळेना म्हणून विचारलं.

मी सही करणार नाही. सही केली तर रोज सकाळी त्याच झाडांखालून पाण्याला जायचं आहे मला. तुझ्या पोरीला वाईट वाटेल, तिला सांग, काका हट्टी आहे.

गेणू


महाळुंगे पडवळ
१६ जानेवारी २०२५

हरिश्चंद्रराजे,

तुमच्या वाडीवरून हरिश्चंद्रगड दिसतो हे माहीत होतं, पण म्हणून तुम्ही राज्यही सोडायला निघालात हे नव्हतं माहीत.

अरे बाबा, ही कागदाची एक ओळ आहे. बँकेत, तहसीलात, शाळेच्या दाखल्यावर आपण आजवर काय काय लिहून दिलं? तुझी जन्मतारीख एक जून आहे ती कुणी लिहिली? आपल्या गुरुजींनीच ना? देवाने तेव्हा तुला काही केलं नाही. आंब्याचं म्हणशील तर तुझं बरोबर आहे. मी पाडले, आणि मला हप्ता येतो. पण म्हणून तू तुझं नुकसान करून घेऊ नकोस.

आणि एवढंच जर टोचत असेल तर ओतूरकडचा एखादा लाकूडवाला गाठ, त्याचा इसार घे, सुपारी फोड. म्हणजे तू तोडणार होतास हे अगदी खरं होईल, तुझा देवही खूश आणि कंपनीही खूश!

तिळगूळ सोबत आहे. तो खा आणि फॉर्मवर सही करून श्रेयाकडे दे. ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुमच्या भागात येतेय. माझं त्याच आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तेव्हा काही दिवस हातून पत्र होणार नाही.

रामनाथ


वाडी
४ फेब्रुवारी २०२५

मास्तर,

डोळ्याचं नीट झालं असेल. वहिनींना सांग, पाला-पाचोळ्याच्या धुरात तुला बसू देऊ नका.

तू सांगितलंस तसं केलं.

सोनी म्हणत होती, "मास्तरभाऊजी थट्टा करत्यात, तुमाला कळंना का?" मी म्हटलं, इतर कशात करेल, पण या बाबतीत मास्तर थट्टा करणार नाही. मी तीन दिवस विचार केला आणि मलाही दुसरा रस्ता दिसला नाही. ओळ खोटी आहे म्हणून सही करता येत नाही, तर ओळ खरी करायची. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

ओतूरकडचा एक व्यापारी आहे. त्याच्याकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कंपनीचा करार होळीच्या आत झाला तर इसार परत. नाही झाला तर होळीनंतर झाडं त्याची. तो हसला. म्हणाला, "राव, आजवर इसार लई दिलं, आसं बोलनारं गिऱ्हाईक पैलंच. होळीपातूर तुमची, मंग माजी. परवान्याचं मी बगतो." वरसूबाई देवीच्या ठाण्यापुढं सुपारी फोडली. त्याच्या मुनिमानं चिठ्ठी केली, दोघांच्या सह्या झाल्या.

मग घरी येऊन फॉर्मवर सही केली. आता ती ओळ खरी आहे.

श्रेया काल कागद न्यायला आली. इसाराची चिठ्ठी पाहून टाळीच वाजवली तिनं. "काका, पुरावा असावा तर असा! तुमची फाईल सगळ्यात भक्कम झाली." मी तिला होळीचं सांगितलं. ती म्हणाली, "हो काका, फेब्रुवारीअखेर करार होतोय." तरीही तू एकदा तिच्या कानावर घाल. होळी तेरा मार्चला आहे. त्याआधी झालं पाहिजे.

गेणू


वाडी
५ मार्च २०२५

मास्तर,

तुझं उत्तर नाही. मागचं पत्र पोचलं असेल असं धरून चालतो.

परवा टेकाडावर चढून श्रेयाला फोन लावला. तपासणीला येणारी परदेशातली माणसं एप्रिलवर गेली म्हणे, म्हणून सगळे करार पुढं ढकलले. मी होळीचं काढलं. ती म्हणाली, "काका, त्या चिठ्ठीचं एवढं काय मनावर घेताय? फाईलला लावलीय मी." पुढं काहीतरी बोलत होती, तेवढ्यात फोन तुटला. परत लागला नाही.

मग तुझ्या घरी लावला. वहिनींनी उचलला. तुझ्या डोळ्यात पू झाला, पट्टी लांबली, तू पडून आहेस असं कळलं. त्या म्हणाल्या, काही निरोप आहे का? तुझा डोळा तसा असताना मी काय सांगणार होतो? म्हटलं, काही नाही, आराम करू द्या.

झाडं यंदा चांगली धरली आहेत. फांद्या हिरड्यांनी भरल्यात. सोनी म्हणते, इतकं आमच्या लग्नापासून कधी आलं नव्हतं. मला उताराकडं बघवत नाही.

जमेल तसं, जमेल तितक्या लवकर कळव.

गेणू


महाळुंगे पडवळ
१६ मार्च २०२५, सकाळ

गेणू, अरे गेणू,

तुझी दोन्ही पत्रं आत्ता हातात आली. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली म्हणून उज्ज्वलाने देवांच्या फोटोमागे ठेवली होती. काल पट्टी निघाली, आज तिने आणून दिली. होळी होऊन तीन दिवस झाले आहेत.

मी थट्टा केली होती. सोनीवहिनींना कळलं, तुला का नाही कळलं? नाही, तुला कशाला बोलू? मीच गाढव. मोठ्या ऐटीत लिहिलं आणि मला स्वतःचंच हसू आलं होतं, हे सुद्धा आठवतंय.

आणि श्रेया! तिला आत्ता फोन लावून विचारलं. तिला वाटलं, तू फॉर्मासाठी म्हणून चिठ्ठी करून आणलीस. तिच्या प्रकल्पात सगळे अशाच चिठ्ठ्या आणतात. खरा इसार आणणारा तू एकटा निघालास. ती फोनवर रडायला लागली, मला पुढचं ऐकू आलं नाही.

आदेशला सांगितलं. तो पहिली पाळी अर्धी टाकून चाकणहून दुचाकीवर निघालाय. कळंबला रस्त्यावर माणूस पाठवून हे पत्र आणि पैसे त्याच्या हाती देतोय. इसाराच्या दुप्पट व्यापाऱ्याला दे, तिप्पट दे, पाया पड. सांग, करार झाला. एवढं एकदाच खोटं बोल, माझ्यासाठी बोल. मीच आलो असतो, पण डोळ्यापुढे अजून सगळं धुरकट आहे आणि उज्ज्वला दारात उभी आहे.

रामनाथ


वाडी
२३ मार्च २०२५

मास्तर,

पत्र आदेशनं दिलं. तेव्हा नऊ झाडं उभी होती.

व्यापारी पंधराला सकाळी आला. आठ माणसं, करवतीची दोन मशिनं, ट्रॅक्टर. शब्दाला पक्का माणूस, धुळवडीचा दिवसही त्यानं जाऊ दिला. उतारावर पाय ठेवायच्या आधी मला विचारलं, "पावणं, झाला का करार?" मी म्हटलं, न्हाई झाला. तो पुन्हा म्हणाला, "बगा बरं. झाला आसंल तर मी माघारी जातो, माजं काय म्हननं न्हाई." मी म्हटलं, न्हाई झाला. सोनी माझ्या मागं उभी होती. तिनं माझ्या सदऱ्याला मागून धरलं होतं, ते सोडून दिलं आणि घरात गेली.

तू लिहितोस तसं एकदा खोटं बोललो असतो तर झाडं राहिली असती. हे मला तुझं पत्र यायच्या आधीही कळलं होतं. त्याच्यासमोर उभा असतानाच कळलं होतं. पण तोंडातून निघालं ते निघालं. आता रोज तेच आठवतं आणि मला स्वतःचा राग येतो.

आदेश सोळाला दुपारी आला. हेल्मेटसकट धावत उतारावर गेला आणि उरलेल्या झाडांतल्या एकाला पाठ लावून उभा राहिला. व्यापारी म्हणाला, "पोरा, इसार माघारी दिलास तरी माजी मानसं, गाडी, दोन दिस, ह्ये कोन देनार? आन् तुज्या बानं सुपारी फोडलीय." आदेशनं पैसे पुढं केले, त्यानं हातात घेतले नाहीत. मला म्हणाला, "तुमीच सांगा आता."

मी आदेशला बाजूला हो म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "आबा, मी कवा तोडनार व्हतो? रागात बोल्लो व्हतो. पाय दुखत व्हतं म्हून बोल्लो व्हतो." तो लहान होता तेव्हासुद्धा माझ्यासमोर असा रडला नव्हता. मी त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. संध्याकाळपर्यंत नऊही पडली.

झाडं हिरड्यांसकट पडली होती. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या. व्यापाऱ्यानं फळ तुमचं म्हणून सांगितलं. कुणाला झाडावर चढावं लागलं नाही, बसल्याजागी फांद्या ओरबाडल्या. आमच्या अंगणात इतका बाळहिरडा कधी वाळला नव्हता. सोनी तो हलवते आणि माझ्याशी बोलत नाही.

तुझे पैसे आदेशकडे परत दिले आहेत. डोळ्यात औषध वेळेवर घाल.

गेणू


महाळुंगे पडवळ
९ एप्रिल २०२५

गेणू,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली.

एक गोष्ट मी तुला पहिल्यापासून सांगितली नव्हती. श्रेयाची नोकरी मार्चपर्यंत कच्ची होती. डोंगरातली जुनी झाडं नोंदवून दाखव, मग पक्की करू, असं तिला सांगितलं होतं. तुझी चिठ्ठी तांदळात सापडली तेव्हा मला तुझी काळजी वाटली हे खरं आहे. पण त्याच्या जोडीला, पोरीचं काम होईल, हेही मनात आलं होतं. कुठलं आधी आलं ते मला आता सांगता येत नाही. म्हणूनच तुझ्या नकारावर मी एवढा चिडलो होतो.

मी पुण्याला त्यांच्या ऑफिसात जाऊन आलो. एका तरुण साहेबाने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, खूप वाईट वाटलं म्हणाला. पण तोडलेल्या जमिनीला दहा वर्षं करारात घेत नाहीत. मुद्दाम तोडून नवीन लावल्याचे पैसे कुणी उकळू नये म्हणून तो नियम आहे. नियम चांगला आहे, गेणू. मी मास्तर आहे, मला नियमात खोट काढता येईना. तुझ्याबाबत काहीच करता येत नाही असं त्याने चारदा सांगितलं आणि चारही वेळा मी मान हलवली.

श्रेया नोकरी सोडते म्हणत होती. मी सोडू नको म्हणालो. हेही तुला कळलेलं बरं.

मला तुझ्याकडे यायचं आहे. पण तो उतार बघायची छाती होत नाही. तूच सांग, येऊ का?

रामनाथ


वाडी
२८ मे २०२५

मास्तर,

उत्तराला उशीर झाला. इथं बरंच काही घडलं, ते तुला श्रेयाकडून कळलं असेल, पण मी माझं सांगतो.

ती परदेशातली माणसं अखेर या महिन्याच्या सुरुवातीला आली. श्रेया बरोबर होती. माझ्या घरी येताना तिची मान खाली होती. सोनीनं तिला जवळ घेतलं, भाकरी खायला लावली. तुझ्या पोरीवर आमचा राग नाही, तुझ्यावरही नाही. तिचं काम झालं तर होऊ दे, मलाही पोर आहे.

ती माणसं उतारावर गेली आणि त्यांनी बुंधे मोजले. त्रेसष्ट भरले. मला एका बुंध्याजवळ उभं करून फोटो काढला. मग ते आपसात लई आनंदानं बोलायला लागले. श्रेया मला सांगायला तयार होईना. शेवटी मीच विचारलं, तेव्हा म्हणाली. इथली माणसं खरंच झाडं विकून तोडतात याचा त्यांना पुरावा पाहिजे होता आणि तो सापडत नव्हता, म्हणून सगळं अडून बसलं होतं. आता सापडला. डोंगरावरची झाडं धोक्यात आहेत हे माझ्या उतारावरून सिद्ध झालं. म्हणून वाडीतली आणि खालच्या दोन वस्त्यांवरची मिळून एकेचाळीस घरं करारात घेतली. त्यांची झाडं तीस वर्षं राहणार.

मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. रात्रभर जागून रामायण ऐकल्यावर डोकं कसं रिकामं होतं, तसं झालं. त्यांची झाडं राहतील हे चांगलंच आहे. त्यातले कितीतरी हिरडे माझ्या बापानंच दुसऱ्यांच्या बांधावर राखलेले आहेत.

गेल्या रविवारी वरसूबाईच्या ठाण्यापुढं मांडव घातला. माझा सत्कार केला, मास्तर. शाल दिली, नारळ दिला. साळुबाईनं, आमच्या शेजारणीनं, सोनीची ओटी भरली. "तुमच्यामुळं झालं समदं, गेणभाऊ," असं जो तो येऊन सांगत होता, आणि कुणीही टोमणा मारत नव्हतं. सगळे मनापासून बोलत होते. आदेश रजा काढून आला होता, तो मांडवाबाहेर उभा राहिला.

मग फॉर्म काढले. प्रत्येकाच्या फॉर्मात ती ओळ होतीच, योजना नसती तर मी तोडणार होतो. आणि खाली नवीन एक ओळ छापली होती. प्रत्येक कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही लागणार होती. श्रेया माझ्याजवळ वाकून म्हणाली, "काका, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. मी सांगेन त्यांना." पण तिच्या मागं एकेचाळीस घरं पानसुपारी घेऊन बसली होती, सगळी माझ्याकडं बघत होती.

मी चष्मा लावला आणि ओळ वाचली. "मी, गेणू भागू साबळे, माझ्या मालकीची त्रेसष्ट हिरड्याची झाडे व्यापाऱ्यास विकली व ती माझ्यासमोर तोडली गेली, हे खरे आहे."

त्यात काही खोटं सापडतं का म्हणून मी ती पुन्हा वाचली, एकेक शब्द सुटा करून वाचली. सापडलं नाही. मग मांडी घालून बसलो आणि एकेचाळीस सह्या केल्या.

तू ये. पाऊस लागायच्या आत ये.

गेणू